होतकरू

गेल्या महिन्यातील एका रविवारी आमचे एक जुने स्नेही पुण्याहून आमच्याकडे उतरले होते. चहा झाला, एकमेकांच्या प्रकृतीची विचारपूस झाली, आणि रिवाजाप्रमाणे घरातील मुले पाहुण्यांपुढे हजर करण्याची वेळ आली. आमचा पुतण्या नववीत शिकतो. वयाच्या मानाने तो इतका उंच आहे की, आमच्या माटुंग्याच्या जुन्या बिऱ्हाडातील स्वयंपाकघराच्या दारातून जाताना त्याला मान लववावी लागते. त्याच्या पाठीवर हात ठेवून आम्ही मोठ्या अभिमानाने म्हणालो, "हा आमचा पुतण्या. बास्केटबॉल खेळतो. मोठा होतकरू खेळाडू आहे. गेल्या वर्षी याच्या शाळेने आंतरशालेय स्पर्धा जिंकली, ती याच्याच जिवावर." स्नेह्यांनी त्याच्या उंचीचे कौतुक केले, आणि हा मुलगा पुढे देशाचे नाव काढील असे भविष्यही वर्तविले. मुलगा मात्र फरशीकडे पाहत उभा होता. जा म्हणताच तो जो गेला, तो जेवणापर्यंत पुन्हा दिसला नाही.

सायंकाळी नेहमीप्रमाणे आम्ही फाइव्ह गार्डन्सकडे फिरावयास निघालो, तो हा आपण होऊन बरोबर आला. एक फेरी होईपर्यंत तो काही बोलला नाही. दुसऱ्या फेरीत एका बाकापाशी थांबून त्याने विचारले, "काका, त्या पाहुण्यांना तुम्ही गेल्या वर्षीचे सांगितलेत. यंदाचे का नाही सांगितलेत?"

यंदाची हकीकत अशी होती. यंदाही त्याची शाळा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. सामना संपावयास काही क्षण उरले असता ती एका गुणाने मागे होती, आणि त्याच वेळी पंचांनी याला दोन फ्री थ्रो दिले. एक साधला असता तर बरोबरी होती, दोन्ही साधले असते तर विजय हाती होता. दोन्ही चुकले. ही हकीकत आम्हांस पूर्ण ठाऊक होती, आणि तरीही आम्ही पाहुण्यांना गेल्या वर्षीची सांगितली. खोटे असे आम्ही काही बोललो नव्हतो. पण त्याच्या प्रश्नाने आम्ही चोरी सापडलेल्या माणसासारखे गप्प झालो.

'होतकरू' हा शब्द आपल्या समाजात फार लाडका आहे. होतकरू कवी, होतकरू वकील, होतकरू गवई असे आपण सहज म्हणून जातो. वराविषयी सांगण्यासारखे दुसरे काही नसले म्हणजे 'मुलगा होतकरू आहे' एवढे सांगून मध्यस्थ मोकळा होतो. आम्ही काही व्याकरणकार नव्हे. परंतु हा शब्द जरा निरखून पाहिला, तर त्यात भूतकाळ मुळीच नाही आणि वर्तमानकाळ नावापुरता आहे. जे काही आहे ते सारे भविष्यात. चाळिशी उलटलेल्या गृहस्थास कोणी होतकरू म्हटले, तर ती स्तुती आहे असे तो खचित समजणार नाही. विचार केला म्हणजे वाटते की, हा शब्द एक हुंडीच आहे. मुलाच्या नावावर ती आपण लिहितो, तिची मुदतही आपणच ठरवितो, आणि मुदत भरली म्हणजे ती वटविण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकतो. मुलाने सही केलेली असते कुठे?

त्या सायंकाळी मात्र एवढा विचार आम्हांस सुचला नाही. मुलाचे सांत्वन करावे एवढेच सुचले, आणि माटुंग्यात राहणाऱ्या माणसास अशा वेळी उदाहरण शोधावयास लांब जावे लागत नाही. आम्ही त्याला रवी शास्त्रींची गोष्ट सांगितली.

१९६२ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा आमच्या माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेचा विद्यार्थी. शालेय क्रिकेटमध्ये त्या शाळेचा तोवर फारसा दबदबा नव्हता. मुंबईच्या शाळांत गाइल्स ढाल आणि हॅरिस ढाल या दोन स्पर्धांना केवढे महत्त्व आहे, हे या शहरात वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. मुलाला पहिली बॅट घेऊन देणारा बापही मनात या दोन ढालींचीच नावे घोकत असतो. १९७६ साली डॉन बॉस्कोचा संघ गाइल्स ढालीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि सेंट मेरीज शाळेकडून हरला. जिंकणाऱ्या संघात शिशिर हट्टंगडी आणि जिग्नेश संघानी हे पुढे रणजी करंडकात खेळलेले दोघे होते. दुसऱ्या वर्षी, १९७७ साली, शास्त्रीच्या नेतृत्वाखाली डॉन बॉस्कोने ती ढाल जिंकली. शाळेच्या इतिहासात ती प्रथमच शाळेत आली. मुलांना शिकविणारे बी. डी. देसाई हे टाटांच्या आणि दादर युनियनच्या संघांतून खेळलेले गृहस्थ होते. दादर युनियनचे नाव दादरचे असले तरी तिचे मैदान माटुंग्याचे. तेथे शनिवार-रविवारी कुंपणाशी उभे राहून क्रिकेट पाहणाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या या भागात होऊन गेल्या आहेत.

शाळेनंतर शास्त्री वाणिज्य शिकण्यासाठी पोदार महाविद्यालयात गेला. तेही माटुंग्यातच, म्हणजे एका मुलाची सारी उमेदवारी एका पायी फेरीच्या टापूत पार पडली. पोदारने त्यापूर्वीही चांगले खेळाडू दिले होते. तेथे वसंत अमलाडी आणि 'मार्शल' या नावाने ओळखले जाणारे व्ही. एस. पाटील यांनी त्याला घडविले. कनिष्ठ महाविद्यालयाच्या अखेरच्या वर्षातच मुंबईच्या रणजी संघात त्याची निवड झाली. त्या वेळी त्याचे वय १७ वर्षे २९२ दिवस होते, आणि मुंबईकडून खेळणारा तोवरचा तो सर्वांत लहान खेळाडू ठरला. १९७९-८० च्या रणजी अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने ६१ धावांत ६ बळी घेतले; सामना मात्र मुंबईने गमावला. १९८१ च्या फेब्रुवारीत मुंबईचा संघ कानपूरला खेळत असता न्यूझीलंडहून बोलावणे आले, कारण दिलीप दोशी जायबंदी झाले होते. कसोटीच्या आदल्या रात्री हा अठरा वर्षांचा मुलगा वेलिंग्टनला उतरला आणि दुसऱ्या दिवशी भारताकडून खेळावयास उभा राहिला. त्या संघाचे कर्णधार सुनील गावसकर, म्हणजे पुन्हा दादर युनियनचेच. फलंदाजीत त्याला दहाव्या क्रमांकावर ठेवलेले होते. तेथून एकेक पायरी चढत पुढे त्याने सलामीलाही फलंदाजी केली. गुडघ्याच्या दुखण्याने कारकीर्द लवकर संपली, तोवर शास्त्रींच्या नावावर ८० कसोटी सामने, ३८३० धावा आणि १५१ बळी जमा झाले होते.

ही गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही तात्पर्यही जोडले. "पाहा, शास्त्रीसुद्धा आधी शाळेच्या अंतिम सामन्यात हरलाच होता. हार ही पुढच्या विजयाची पायरीच असते."

मुलाने गोष्ट लक्ष देऊन ऐकली होती. म्हणूनच की काय, तात्पर्य त्याला पटले नाही. तो म्हणाला, "पण काका, तो पुढच्या वर्षी जिंकला म्हणून त्याचे आधीचे हरणे तुम्हांला आठवते. मी पुढच्या वर्षीही हरलो तर?"

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. आम्हीही आजवर ही म्हण शेकडो वेळा वापरली असेल. परंतु पाय सर्वच पाळण्यांत हलत असतात. ज्याचे पाय पुढे लांबवर चालून गेले, त्याचाच पाळणा आपण मागे वळून पाहतो, आणि मग तेथे आपल्याला हवी ती चिन्हे सापडतात. १९७७ सालची ती ढाल एकट्या शास्त्रीने जिंकली नव्हती. त्याच्यासह अकरा मुले मैदानात उतरली होती, आणि एखाददुसरा मुलगा राखीव म्हणून पाण्याच्या बाटल्या सांभाळीत बसलाही असेल. त्यांची नावे आज आपल्यापैकी कोणास सांगता येतील? शास्त्रींच्या चरित्रात ती ढाल हा आरंभीचा एक परिच्छेद आहे. पण ज्या मुलाने त्या सामन्यात एखादा अवघड झेल घेतला आणि जो पुढे बँकेत किंवा कचेरीत गेला, त्याच्या आयुष्यात ती ढाल पायरी कशी म्हणावी? त्याच्यापुरता तोच कळस. आणि त्या दिवशी मैदानावर दोघांना झालेला आनंद तराजूत घालून पाहिला असता, तर पुढे कसोटी खेळणाऱ्याचे पारडे जड भरले असते असे आम्हांस वाटत नाही. ढाल दोघांच्याही हाती सारख्याच वजनाची लागली.

हुंडीची मुदत भरली म्हणजे काय होते, हेही आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. २०१६ च्या जानेवारीत कल्याणच्या मैदानावर प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडातील क्लिफ्टन महाविद्यालयाच्या ए. ई. जे. कॉलिन्सने १८९९ साली नाबाद ६२८ धावांचा जो विक्रम केला होता, तो शंभराहून अधिक वर्षे कोणास मोडता आला नव्हता. तो या रिक्षाचालकाच्या मुलाने मोडला. दोन दिवसांत त्याचे नाव जगभर गेले. सत्कार झाले, मुंबई क्रिकेट असोसिएशनने शिष्यवृत्ती दिली. त्यानंतर तो ज्या ज्या मैदानावर उतरला, तेथे लोक चौदापंधरा धावा पाहावयास येत नसत. हजार धावा केलेला मुलगा पाहावयास येत. पुढच्याच वर्षी, मुलाचा खेळ उतरला आहे असे पाहून, त्याच्या वडिलांनी ती शिष्यवृत्ती थांबविण्यास आपण होऊन असोसिएशनला कळविले. या वडिलांच्या सचोटीला आम्ही मनापासून नमस्कार करतो. पण हेही वाटते की, त्या १००९ धावांचे देणे त्या घराकडे लागत होते असे कोणी ठरविले? त्या धावा झाल्या होत्या. त्या कधी परत करावयाच्या नव्हत्या.

आणि अमोल मुझुमदारांची कथा तर आमच्या शेजारच्या दादरची. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस ढालीच्या सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, हे सर्वांस ठाऊक आहे. कांबळी ३४९, तेंडुलकर ३२६, दोघेही नाबाद. त्यांच्यानंतर खेळावयास जाणारा मुलगा पॅड बांधून बसला होता. तो तेरा वर्षांचा मुझुमदार. डाव घोषित झाला आणि याने पॅड सोडले. पुढे १९९३-९४ च्या मोसमात त्याने रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात इतक्या धावा तोवर जगात कोणी केल्या नव्हत्या. 'दुसरा तेंडुलकर' अशी हुंडी लगोलग लिहिली गेली. मुझुमदार प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा काढून २०१४ साली निवृत्त झाले. मुंबईला त्यांनी कर्णधार म्हणून रणजी करंडकही मिळवून दिला. भारताकडून एकही सामना खेळण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नाही. २०२३ साली ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने विश्वचषक जिंकला. तेव्हा पुष्कळांनी लिहिले की, अखेर नियतीने त्यांचे देणे चुकते केले. वाचून आम्हांसही गहिवर आला. तरी मनात एक शंका राहिली. तो चषक मिळाला नसता, तर त्या ११,१६७ धावा काय वाया गेल्या असत्या? वीस वर्षे सकाळी उठून एक मनुष्य मैदानावर गेला आणि उत्तम खेळला, ही गोष्ट आपल्याला पुरेशी का वाटत नाही?

या सगळ्याचा आम्हांस लवकरच उपयोग करावा लागला. आमचे धाकटे बंधू, म्हणजे त्या मुलाचे वडील, स्वभावाने हिशेबी आहेत. पुढील वर्षी मुलाची दहावी. तेव्हा एप्रिलपासून बास्केटबॉल बंद, असा हुकूम त्यांनी एका रात्री जेवताना काढला. मुलगा ताटावरून उठला नाही, पण त्याचा घास अडला. आम्ही त्याचे वकीलपत्र घेतले आणि आमचे नेहमीचे अस्त्र बाहेर काढले. मुलगा होतकरू आहे, उद्या राज्याकडून खेळेल, परवा देशाकडून खेळेल, असे आम्ही बोलू लागलो. बंधूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "दादा, अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेसाठी पहिला भारतीय मुलगा निवडला गेला तो २०१५ साली. पंजाबातला सतनाम सिंग, उंची सात फूट दोन इंच. त्यालासुद्धा तिथल्या मुख्य सामन्यात उतरायला मिळाले नाही. आपला मुलगा देशाकडून खेळेल, अशी तू हमी देतोस का?"

हमी आम्ही देऊ शकत नव्हतो. एक क्षण असे वाटले की, आपला पक्ष हरला. पण मग ध्यानात आले की, आम्ही पक्षच चुकीचा घेतला होता. मुलाने खेळावे याचे कारण तो पुढे कोण होणार यात शोधले, तर बंधूंचे म्हणणेच खरे ठरते. हजारांत नऊशे नव्याण्णव मुलांनी उद्याच चेंडू खाली ठेवला पाहिजे. तेव्हा आम्ही म्हणालो, "हमी नाही. तो देशाकडून बहुधा खेळणार नाही. पण आज तो खेळतो आहे, हे तर खरे ना?"

बास्केटबॉलच्या जन्माची कथा आम्ही त्या रात्री बंधूंना सांगितली. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.च्या शिक्षणसंस्थेत जेम्स नायस्मिथ नावाचे एक शिक्षक होते. बाहेर हिवाळा, आत कंटाळलेले विद्यार्थी. त्यांना कशात तरी गुंतवावे म्हणून त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या आणि मुलांच्या हाती चेंडू दिला. विश्वविजेते घडविण्यासाठी त्यांनी हा खेळ काढला नव्हता. मुलांचा हिवाळा बरा जावा, एवढाच हेतू होता. वाय.एम.सी.ए.च्याच मार्फत तो आपल्या देशात आला, आणि आमच्या मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांनी त्याला असे काही आपलेसे केले की, तेथला अब्बास मुन्तसिर भारताचा कर्णधार झाला आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. पण नागपाड्यात रोज संध्याकाळी चेंडू आपटीत धावणारी मुले काही सगळीच मुन्तसिर होण्यासाठी धावत नसतील. संध्याकाळ झाली आणि मैदान मोकळे होते, म्हणूनच त्यांतील पुष्कळ धावत असतील.

बंधूंनी नेहमीप्रमाणे हिशेब मांडला. आठवड्यातून चार संध्याकाळी, दीड दीड तास. चाचणीत गुण उतरले तर फेरविचार. मुलाने मान डोलावली. त्याच्या आईने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, आणि त्या रात्रीचे न्यायालय उठले.

परवा आमच्याकडे पुन्हा पाहुणे आले होते. मुले हजर झाली. पुतण्याच्या पाठीवर हात ठेवल्यावर तो शब्द सवयीने आमच्या ओठांपर्यंत आला, आम्ही तो गिळला आणि म्हणालो, "हा बास्केटबॉल खेळतो. यंदा याची शाळा अंतिम सामन्यात एका गुणाने हरली. शेवटच्या क्षणी याला फ्री थ्रो मिळाला होता, तो चुकला."

पाहुणे जरा गोंधळले. अशा प्रसंगी काय बोलावे, याचा पाठ आपल्याला कोणी दिलेला नसतो. पण मुलाने या वेळी फरशीकडे पाहिले नाही. आमच्याकडे वळून तो म्हणाला, "एक नाही, काका. दोन्ही चुकले." आणि चार वाजून गेले आहेत असे सांगून, बूट हातात घेऊन, तो मैदानाकडे निघाला.